डब्यात न मावलेलं कार्ड

दुसऱ्याच्या घरातल्या कॉम्प्युटरचा पंखा किती शांत फिरतो, हे ऐकून तुमच्या पोटात कधी दुखलं आहे का? खरं सांगा. माझ्या दुखलं आहे. अजून दुखतं. मत्सर वाईट असतो हे मला शिकवायला येऊ नका. ज्यांना सगळं आधीच मिळालेलं असतं, तेच लोक हे शिकवत हिंडतात.

तो पंखा हडपसरला होता. आमच्या अभ्यास मंडळातली एक मुलगी तिथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. आयटीत नोकरी, वय माझ्याएवढंच, गाव चंद्रपूरकडचं, म्हणून मंडळात सगळे तिला चंद्रपूरची म्हणतात. तिचा कॉम्प्युटर टेबलाखाली उभा असतो, एका बाजूला काच, आणि काचेतून आतलं सगळं दिसतं. त्यातलं ग्राफिक्स कार्ड मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला म्हणाले, "छान आहे." घरी येईपर्यंत मी फोनवर त्याची किंमत शोधत होते.

माझ्याकडेही कॉम्प्युटर होता. माझा म्हणजे मंडळाचा, पण राहायला आमच्याकडे, कर्वेनगरला, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर. कंपन्या वापरून काढून टाकतात त्यातला, बुटका, आडवा ठेवला तर आई त्यावर भाजी निवडायला बसेल असा. पत्रकं लिहायला तो पुरत होता. आमच्या मंडळाची पत्रकं मी लिहिते.

मी पत्रकांवरच वाढले. बाबा हडपसरच्या एका कारखान्यात होते. पाळी संपली की शनिवार पेठेतल्या छापखान्यातून गठ्ठे घेऊन यायचे आणि जेवणं झाली की आम्ही तिघं घड्या घालायला बसायचो. 'श' मी शहामृगातला नाही, शोषणातला शिकले. बाबांचा नियम एकच. पत्रकात शब्द चुकता कामा नये. शब्द चुकला की लोक मजकूर वाचत नाहीत, चूक वाचतात. हाच नियम घरातही. मी 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणाले तर बाबांचा घास हातात थांबायचा. मी पुन्हा नीट म्हणाले की तो तोंडात जायचा.

मागच्या वर्षी मंडळानं एक काम घेतलं. विदर्भातून पोटासाठी पुण्यात आलेली, इथंच म्हातारी झालेली आमची माणसं बोलती करायची आणि त्यांच्या छोट्या फिल्म करायच्या. रेकॉर्डिंग ज्याच्या त्याच्या फोनवर. कापणं-जोडणं माझ्या टेबलावर, कारण मंडळाचा कॉम्प्युटर तिथे होता. पण आमच्या बुटक्याला ते झेपेना. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे. बोलणाऱ्या आजीचं तोंड मिटलं तरी वाक्य चालूच राहायचं. चंद्रपूरची म्हणाली, "एक फाइल दे न माझ्याकडे, करून पाहते." तिनं ती एका संध्याकाळी संपवली. मग दुसरी तिच्याकडे गेली, मग तिसरी. बघता बघता कर्वेनगरच्या सगळ्या फाइली हडपसरला. माझ्याकडे फक्त एक माणूस उरला, ज्याची फिल्म मी कुणाच्या हाती जाऊ देणार नव्हते. माझे बाबा.

त्यांचं रेकॉर्डिंग मी घरीच केलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "उपजीविकेच्या शोधात मी या शहरात आलो. येथील श्रमिकांची परिस्थिती अत्यंत बिकट होती." एकही शब्द चुकला नाही. मला फार अभिमान वाटला.

त्याच सुमारास एकदा चंद्रपूरचीनं तयार झालेली एक फिल्म बघायला आम्हाला घरी बोलावलं. बाबा आणि मी बसनं गेलो. तिनं दार उघडलं. "या न जी काका. बसा. पाणी आणू का?"

बाबा बसले, टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाप्पा! हा कॉम्प्युटर होय का फ्रिज? मले तर काही समजूनच नाही रायलं."

मी मागं वळून पाहिलं. खोलीत आणखी कोणी बोललं असेल असं मला वाटलं. कोणी नव्हतं. ती हसत होती, बाबाही हसत होते, आणि पुढचा सगळा वेळ ते दोघं त्या भाषेत बोलत राहिले. मी मध्ये पाहुण्यासारखी चहा पीत होते.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "बाबा, 'मले'?"

"काय मले?"

"तुम्ही मले म्हणालात."

"म्हणालो असेन. ती तिकडची आहे ना."

"आणि मी?"

"तू पुण्याची," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

उतरताना त्यांनी सहज सांगितलं, "ती म्हणत होती, तुमची फिल्म मी करते. तिच्याकडे लवकर होईल म्हणे."

त्या क्षणी माझं ठरलं. आमच्या बुटक्यात नवं ग्राफिक्स कार्ड बसवायचं, त्याला पेलेल असा नवा पॉवर सप्लाय बसवायचा, आणि बाबांची फिल्म माझ्याच टेबलावर करायची. पॉवर सप्लायला दुकानात एसएमपीएस म्हणतात. हे मी दुकानात जाऊनच शिकले. दुकानदारानं एक छोटं कार्ड दाखवलं आणि एक मोठं. मोठ्या कार्डाला वीज जास्त लागते, म्हणून त्याच्यासोबत एसएमपीएसही मोठा. कॉम्प्युटर कोणता आहे हे त्यानं विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला विचारावंसं वाटलं नसेल.

आमच्या मंडळात मतदानाशिवाय साधी सतरंजीही विकत घेतली जात नाही. दर रविवारी आम्ही बुद्धविहारात बसतो. विषय मांडला जातो, चर्चा होते, हात वर होतात, ठराव होतो. आणि आमचा एक जुना नियम आहे, जो इतर कुठे असेल असं मला वाटत नाही. गैरहजर माणसाचं म्हणणं मतदान झाल्यावरच वाचून दाखवायचं. पूर्वी मंडळात एक वजनदार गृहस्थ होते. ते कधी यायचे नाहीत, पण घरून निरोप धाडायचे, आणि तो ऐकला की सगळे हात त्या बाजूला वळायचे. बाबांनी भांडून हा नियम करून घेतला. ज्याला मत द्यायचं त्यानं येऊन सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसावं. नियम मला आजही पटतो.

त्या रविवारी चंद्रपूरची ऑफिसच्या कामात अडकली होती. मी दोन्ही पर्याय मांडले. एका मावशींनी विचारलं, मोठं कार्ड वीज किती खाईल? एकानं विचारलं, कार्ड बनवणारी कंपनी तिच्या कामगारांना कशी वागवते? यावर बराच वेळ गेला. मग मी उभी राहिले.

"छोटं कार्ड सुचवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे," मी म्हणाले. छोटं कार्ड कोणीही सुचवलं नव्हतं. "आपल्याला नेहमी छोटंच का? दुसऱ्यांनी वापरून टाकलेला कॉम्प्युटर आपण घेतला. आता त्यात घालायचं ते तरी पूर्ण घेऊ. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज अडखळत ऐकू यावेत, एवढीच आपली लायकी आहे का?"

टाळ्या पडल्या. सगळे हात वर गेले. त्या कार्डाच्या नीतिमत्तेवर, विजेवर, आमच्या स्वाभिमानावर आम्ही दुपारभर बोललो. लांबी-रुंदीबद्दल एक अक्षर नाही.

मग अध्यक्षांनी, म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांनी, फोन हातभर लांब धरून गैरहजर सभासदाचं म्हणणं वाचलं. "कॅबिनेट छोटं आहे. अर्ध्या उंचीचंच कार्ड घ्या. एसएमपीएसच्या भानगडीत पडू नका, आपल्या कॉम्प्युटरच्या कंपनीचा प्लग वेगळाच असतो. आधी माप घ्या."

सतरंजीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"सूचना ऐकली," अध्यक्ष म्हणाले. "ठराव झालेला आहे."

मावशी पुटपुटल्या, "अहो पण माप..."

"पुढच्या बैठकीत विषय काढता येईल, मावशी. एका बैठकीत एकाच विषयावर दोनदा मत नाही."

मला त्या मेसेजमध्ये काय ऐकू आलं ते सांगते. 'तुम्हाला अर्धंच पुरे.' स्वतःकडे काचेचा उभा कॉम्प्युटर असलेली मुलगी मला अर्ध्या उंचीचं घे म्हणत होती. दुसऱ्याच दिवशी मी जाऊन मोठं कार्ड आणि मोठा एसएमपीएस घेऊन आले.

बुटक्याचं झाकण उघडलं. बाबांनी बॅटरी धरली. आई दारात उभी राहिली, हातात पोळीचं पीठ.

कार्ड आडवं धरलं, तिरपं धरलं, खाली दाबलं. त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी कॅबिनेटच्या वर चांगली वीतभर... वीतभर नसेल, पण मला तेवढी वाटली. झाकण लागणं शक्यच नव्हतं. एसएमपीएसची गोष्ट वेगळी. जुना निघाला तो लांबट, निमुळता, आणि नवा होता विटेसारखा. त्याच्या जागेत तो शिरेना. बाहेर ठेवून नुसती वायर तरी जोडू म्हटलं, तर नव्याचा प्लग रुंद आणि बोर्डावरची जागा अगदीच चिमुकली.

"जरा वाकडं करून बघ," बाबा म्हणाले.

"बाबा, ते वाकत नाही. ते कार्ड आहे."

"मग आता?"

आई दारातून म्हणाली, "सभा बोलवा. डबा मोठा करण्याचा ठराव मांडा. अनुमोदन मी देते."

दुकानदारानं उघडलेला माल परत घेतला नाही. "ताई, मला आधी विचारायचं होतंत," तो म्हणाला. हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक दुकानदाराला जन्मतःच येतं.

मी चंद्रपूरचीला फोन केला नाही. बाबांनी केला. त्या शनिवारी ती आमच्याकडे आली, खांद्यावर पिशवी, हातात स्क्रू-ड्रायव्हर. टेबलावरचं कार्ड बघून ती मटकन खुर्चीत बसली.

"काहून आणलं वं हे? मी मेसेज टाकला होता न."

"तुझा मेसेज मतानंतर वाचला."

"मतानंतर?"

"नियम आहे."

ती इतकी हसली की आईलाही हसू आलं. मला आलं नाही. मग तिनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "असं करू. माझं आत्ताचं कार्ड तसं छोटंच आहे. माझ्या कॅबिनेटमध्ये उंच पट्टी लावून बसवलंय, पण त्याच्या बॉक्समध्ये एक बुटकी पट्टीपण येते. ती मी जपून ठेवली होती, घेऊनच आले. ते तुझ्यात बसेल. वेगळी वीज लागत नाही त्याला, तुझा जुना एसएमपीएस भागवेल. हे मोठं मात्र माझ्या जुन्या एसएमपीएसवर चालायचं नाही, म्हणून हे दोन्ही माझ्याकडे लावू. मंडळाचंच राहील, काम मंडळाचंच करील."

तुमच्या लक्षात आलं ना? भाषण मी केलं. टाळ्या मला पडल्या. आणि माझ्या भाषणानं तिचा कॉम्प्युटर आणखी मोठा झाला.

"ठराव लागेल," मी म्हणाले.

ठराव झाला. दुसऱ्या दिवशीच, रविवारी. ती हजर होती, पहिल्या ओळीत. मी हात वर केला, कोपर मांडीवरून न उचलता. अध्यक्षांनी तो मोजला.

विहारातून ती सरळ आमच्याकडे आली, पिशवीत तिचं कार्ड घेऊन. लोखंडी पट्टी बदलली, तिचं छोटं कार्ड बुटक्यात बसवलं. टक्क आवाज झाला आणि झाकण बंद झालं. मला वाटलं, झालं. आता बाबांची फिल्म इथे, माझ्या टेबलावर.

"थांब, चालतंय का पाहू," ती म्हणाली. "जड फाइल पाहिजे." तिनं पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला, लावला आणि एक फाइल उघडली.

पडद्यावर माझे बाबा होते. हडपसरच्या त्या खोलीत, बनियनवर, पाय वर घेऊन बसलेले. चित्र कुठेही अडखळत नव्हतं.

"मोहाचे फुलं वेचाले आमी पहाटीच जाओ," बाबा सांगत होते. "अस्वलाले मोह लय आवडते न. माय पुढं डबा वाजवत जाये, आमी पोट्टे मांगं. एक डाव डबा वाजवता वाजवता माय थांबली. समोर हे एवढं अस्वल!"

"मंग काय झालं जी?" कॅमेऱ्यामागून तिचा आवाज.

"काय होते? मायनं डबा नाही टाकला. जोरात वाजवला. म्हणे, हट, माह्या लेकरायचं हाय ते!"

खरे बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात. हडपसरला गेलो होतो तेव्हा."

"तुम्ही कारखान्यातल्या मित्रांकडे गेला होतात."

"गेलोच होतो. येताना हिच्याकडे चहा घेतला."

आई हात पुसत पुढे आली. "एवढी वर्षं संसार केला," ती म्हणाली, "आणि अस्वल मला आज कळतंय."

व्हिडिओ चालूच होता. त्यात बाबा पुढे सांगत होते की कारखान्यात नवीन असताना त्यांचा मुकादम सगळ्यांसमोर त्यांना 'मले-तुले' म्हणून हाक मारायचा. चार माणसं हसायची. म्हणून बाबांनी छापील भाषा शिकली, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून. "माह्या पोरीले कोनी असं हासाले नाही पाहिजे," ते पडद्यावर तिला म्हणाले.

ती पोरगी मी. आणि हे वाक्य ते तिला सांगत होते.

आता दोन रेकॉर्डिंग होती. माझं, इस्त्रीच्या शर्टातलं. आणि तिचं, बनियनवरचं. लोकांसमोर एकच जाणार होतं. मी बाबांना विचारलं, कुठलं?

"तू केलेलं शुद्ध आहे," ते म्हणाले. "पण त्यात अस्वल नाही."

चंद्रपूरची पिशवी आवरत होती. मी तिला म्हणाले, "हे मी जोडणार. इथे."

"जोड न बाई," ती म्हणाली. "मी कुठं नाही म्हणून रायली? फाइल ठेवूनच जाते." आणि जिना उतरून गेली. भांडलीसुद्धा नाही. जिच्यावर आपण इतकं जळतो, तिला शर्यत लागली आहे हेच ठाऊक नसावं, यासारखा अपमान नाही.

पुढचा आठवडाभर मी ती फिल्म जोडली. छोटं कार्ड चोख चाललं. एकेक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकलं. बाबा त्यांच्या आईला 'माय' म्हणतात, 'पोट्टे' म्हणताना हसतात, हात हलवतात. घरात त्यांना एवढे हात हलवताना मी पाहिलेलं नाही. चंद्रपूरचीचा आवाज मला कापता आला असता. 'मंग काय झालं जी?' एवढंच तर होतं. एकदा कापूनही पाहिलं. बाबा अस्वलासमोर आले आणि तिथेच थांबले, पुढचं कोणाला सांगायचं हे विसरल्यासारखे. मी तो प्रश्न परत जागेवर लावला. शेवटी पाटी टाकली, तिच्या नावाची आणि खाली माझ्या. तिचं वर गेलं, कारण विचारलं तिनं होतं. ते टाइप करताना मी दात आवळले होते.

विहारात फिल्म दाखवली तेव्हा मावशी रडल्या आणि अध्यक्ष काकांनी न विचारता स्वतःच्या लहानपणीची वाघाची गोष्ट सुरू केली. चंद्रपूरचीनं लगेच फोन पुढे धरला. मी तिच्याकडे बघत होते आणि जळत होते. अजूनही जळते. तिच्या कार्डावर नाही. माझ्या घरातली गोष्ट तिनं माझ्याआधी विचारली यावर.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते, आणि ते आजच करा. तुमच्या घरात असं कोणीतरी असेल, जे तुमच्याशी नीट, स्वच्छ, छापील बोलतं आणि गावाकडचा फोन आला की आवाज बदलून आतल्या खोलीत जातं. त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांच्या लहानपणीची एक गोष्ट विचारा, त्यांच्या त्या बोलीत सांगा म्हणा. ते लाजतील, 'काय आता ते' म्हणतील. तुम्ही उठू नका. आणि बोलायला लागले की एकही शब्द सुधारू नका.